साद आणि प्रतिसाद : वन्यजीव संशोधनासाठी ध्वनिक्षेपकाची निवड

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची घनदाट रांग उभी आहे, तर पूर्वेस माण, खटाव, आटपाडी आणि जत या अवर्षणप्रवण तालुक्यांचे उघडे माळ पसरले आहेत. महाबळेश्वर, नवजा, कोयना या पट्ट्यात वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पूर्वेकडील माळांवर तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या घरात असतो. एवढ्या थोड्या अंतरात निसर्गाचे इतके वेगळे रूप क्वचितच पाहावयास मिळते. साहजिकच येथील वन्यजीवनही तितकेच विविध आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास, कोयना आणि चांदोली यांचा समावेश आहे. पूर्वेकडील सागरेश्वर अभयारण्य आणि मायणीचा पक्षी-परिसर हीदेखील या भागाची मोलाची ठेव होय.

या संपत्तीची जपणूक करावयाची, तर प्रथम तिची मोजदाद हवी. वाघ, बिबट्या, गवा, सांबर अशा मोठ्या प्राण्यांची नोंद पाऊलखुणा, विष्ठा आणि स्वयंचलित कॅमेरे यांच्या साहाय्याने घेता येते. परंतु घुबडे, रातवे, बेडूक आणि दाट झुडपांत वावरणारे लहान पक्षी डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. ते कानांना कळतात. त्यांतही अनेक जीव तासन् तास मौन पाळतात. अशा वेळी त्यांच्याच जातीचा मुद्रित आवाज ऐकवावयाचा आणि येणारे उत्तर टिपावयाचे, ही पद्धत जगभरचे संशोधक अवलंबितात. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून मूळचा रहिवासी उत्तर देतो आणि त्याचे अस्तित्व उघड होते.

या पद्धतीचा सारा भार एका लहानशा यंत्रावर, म्हणजे हाती नेण्याजोग्या ध्वनिक्षेपकावर असतो. तो कसा निवडावा, त्याची परीक्षा कशी करावी आणि तो केव्हा बंद ठेवावा, याची माहिती संशोधकांना तर हवीच. परंतु अशा कामांना परवानगी देणारे अधिकारी, विद्यार्थ्यांना निसर्गाची ओळख करून देणारे शिक्षक आणि गावच्या जैवविविधतेची नोंद ठेवणारे पंचायत सदस्य यांनाही ती उपयुक्त ठरेल.

जुनी विद्या, नवे साधन

आवाजाला आवाजाने बोलावण्याची कला आपल्याकडे नवी नाही. पारधी समाजातील जाणकार तितर आणि लावा यांचे आवाज तोंडाने इतके हुबेहूब काढीत, की रानातील पक्षी आपण होऊन जवळ येत. पाळलेल्या तितराच्या हाकेने रानतितराला आकर्षून घेण्याची रीतही सर्वश्रुत आहे. भल्या पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी याच नावाच्या लहान घुबडाच्या बोलावरून भविष्य सांगे. पक्ष्याचा स्वर ओळखणे ही या लोकांची उपजीविकाच होती.

शास्त्राने या विद्येला यंत्राची जोड दिली. पक्ष्याच्या गाण्याचे ज्ञात असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण १८८९ साली जर्मनीत लुडविग कॉख या बालकाने मेणाच्या नळकांड्यावर केले. तो पक्षी भारतातील शामा होता, ही आपल्या दृष्टीने कौतुकाची बाब. पुढे १९७७ साली केनियातील अंबोसेली येथे सायफर्थ आणि चेनी या संशोधकांनी व्हर्वेट माकडांना त्यांच्याच इशाऱ्याचे आवाज झुडपात दडविलेल्या ध्वनिक्षेपकावरून ऐकविले. बिबट्याचा इशारा ऐकताच माकडे झाडावर चढली, गरुडाचा इशारा ऐकून त्यांनी वर पाहिले आणि सापाचा इशारा ऐकून ती मागील पायांवर उभी राहून गवत न्याहाळू लागली. प्रत्यक्षात तेथे बिबट्या, गरुड वा साप नव्हता. माकडांच्या हाकांना निश्चित अर्थ असतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

रानपिंगळ्याचा धडा

आवाजाच्या ज्ञानाने शोधकार्य कसे बदलते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. सातारा-सांगलीची जंगले ज्याची ज्ञात वसतिस्थाने नाहीत असा रानपिंगळा हा खानदेश आणि सातपुड्यातील पक्षी. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना कोणासही मिळाला नव्हता. १९१४ सालचा म्हणून मानला गेलेला एक नमुना पुढे बनावट ठरला. त्यावरील खोट्या नोंदीने शोध घेणाऱ्यांची दिशाभूल केली होती. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना हा पक्षी शहादे परिसरात पुन्हा आढळला. तब्बल ११३ वर्षांनी तो जगापुढे आला.

त्या शोधापाठोपाठ त्याचे आवाज मुद्रित झाले आणि त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर या पक्ष्याचा शोध केवळ नजरेवर अवलंबून होता आणि नेहमीच्या पिंगळ्याशी असलेल्या साम्यामुळे गफलतीस भरपूर वाव होता. त्याची हाक हाती येताच मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांना जंगलोजंगली पद्धतशीर पाहणी करता आली. मेळघाटासह सातपुड्यातील अनेक जागी तो आढळला. २०१४ साली तर तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही दिसून आला.

यातून निघणारा बोध सातारा-सांगलीलाही लागू पडतो. एखादा जीव ‘नाही’ असे कागदावर लिहिले गेले, की त्याच्या रक्षणाची तरतूदही होत नाही. म्हणून ‘नाही’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तो कोणत्या साधनाने काढलेला निष्कर्ष आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. समजा, कोयनेच्या खोऱ्यात वीस ठिकाणी मोठ्या घुबडाची हाक ऐकविली आणि एकाही ठिकाणी उत्तर आले नाही. याचा अर्थ घुबड तेथे नाही असा होऊ शकतो. परंतु घुबड असूनही ध्वनिक्षेपकाला त्याचा खर्जातील स्वर काढताच आला नाही, असाही होऊ शकतो. यंत्र सदोष असेल तर वीसही नोंदी निरुपयोगी ठरतात, आणि अहवाल वाचणाऱ्याला त्याची गंधवार्ताही लागत नाही.

स्वराची उंची

ध्वनिक्षेपकाची निवड करताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : ज्या प्राण्याचा अभ्यास करावयाचा, त्याचा स्वर किती खाली आणि किती वर जातो? ध्वनीच्या कंपनांची दर सेकंदाची संख्या हर्ट्झ या एककात मोजतात. माळावरील ओढ्याकाठी आणि खाणींच्या कपारींत राहणाऱ्या शृंगी घुबडाचा घूत्कार साधारण २०० ते ५०० हर्ट्झच्या दरम्यान असतो. लहान गायक पक्ष्यांचा स्वर बहुधा २,००० ते ८,००० हर्ट्झ असतो. बेडकांचे बरेचसे आवाज १,००० ते ५,००० हर्ट्झच्या टापूत येतात. बहुतेक वटवाघळांचे ध्वनी २०,००० हर्ट्झच्या वर, म्हणजे मानवी श्रवणशक्तीच्या पलीकडे असतात. उलटपक्षी हत्तींच्या दूरसंवादाचा काही भाग २० हर्ट्झच्याही खाली जातो.

धनगरी गजीनृत्यातील मोठा ढोल आणि दिमडी यांची तुलना केल्यास यामागील तत्त्व सहज ध्यानी येते. खर्जातील स्वरासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. २०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे १.७ मीटर, तर ४,००० हर्ट्झच्या लहरीची केवळ साडेआठ सेंटिमीटर असते. तळहातावर मावणाऱ्या ध्वनिक्षेपकाचा पडदा दिमडीसारखा लहान असल्याने तो ढोलाचे काम करू शकत नाही. त्यावर घुबडाची हाक लावली असता मूळ खर्ज हरपतो, वरचे सूर तेवढे उरतात. माणसाचा मेंदू हरपलेला खर्ज कल्पनेने भरून काढतो आणि ‘आवाज बरोबर आहे’ असे आपल्यास वाटते. घुबडालाही तसेच वाटेल असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून बुलबुल, सातभाई अथवा बेडूक यांसाठी लहान, हलका ध्वनिक्षेपक पुरेसा ठरतो. मोठ्या घुबडांसाठी किमान १० ते १५ सेंटिमीटर व्यासाचा पडदा आणि भक्कम पेटी असलेले यंत्र हवे. सभा-मिरवणुकांत वापरला जाणारा भोंगा आवाज दूरवर फेकतो, मात्र खर्जात तो दुबळा असतो. शिवाय त्याचा आवाज एकाच दिशेने जातो. भोंगा वापरायचाच असेल तर तो चारही दिशांना आळीपाळीने फिरवावा लागतो. वटवाघळांच्या अभ्यासासाठी खास अतिस्वनी ध्वनिक्षेपक लागतात. बाजारातील कोणतेही सामान्य यंत्र तेथे कुचकामी होय.

आवाजाची तीव्रता आणि ‘वॅट’चा भ्रम

खरेदीच्या वेळी वेष्टनावरील वॅटचा आकडा सर्वप्रथम डोळ्यांत भरतो. हा आकडा फसवा असू शकतो. ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेली संख्या क्षणिक कमाल शक्ती दर्शविते व ती वस्तुस्थितीच्या कितीतरी पट फुगविलेली असते. पाहावयाची ती ‘आरएमएस’ म्हणजे सलग टिकणारी शक्ती. तीदेखील दुप्पट झाली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. संशोधकाच्या दृष्टीने खरा उपयुक्त आकडा म्हणजे यंत्रापासून १ मीटर अंतरावर, आवाज न फाटता, मिळणारी डेसिबलमधील तीव्रता.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवर ९० डेसिबल असलेला आवाज २ मीटरवर ८४, ४ मीटरवर ७८, १६ मीटरवर ६६ आणि ६४ मीटरवर ५४ डेसिबल उरतो. दाट रानात पाने व दमट हवा यांमुळे, विशेषतः वरच्या पट्टीचे सूर, याहूनही लवकर विरतात. पावसाळ्यात ओढ्यांचा खळखळाट आणि रातकिड्यांची किरकिर त्यात भर घालते. त्यामुळे उघड्या माळावर जे यंत्र चांगले चालते, तेच चांदोलीच्या जंगलात तोकडे पडू शकते.

परंतु उपाय म्हणून आवाज हवा तितका चढविणे योग्य नव्हे. नैसर्गिक हाकेपेक्षा फार मोठा आवाज ऐकून लहान नर दबून गप्प बसू शकतो किंवा जागा सोडू शकतो. तो प्राणी स्वतः जितक्या जोराने ओरडतो, तितकाच आवाज ठेवावा, हा सर्वमान्य दंडक आहे. द्राक्षबागेतून पाखरे हुसकावण्यासाठी लावलेले यंत्र आणि संशोधनाचे यंत्र यांतील भेद येथेच आहे. पहिल्याचा हेतू पळविणे हा, तर दुसऱ्याचा जाणून घेणे हा.

रानातील व्यावहारिक कसोट्या

आजचे बहुतेक लहान ध्वनिक्षेपक बिनतारी ब्लूटूथ पद्धतीने चालतात. ही सोय रानात अनेकदा गैरसोय ठरते. काही यंत्रे जोडणी होताच मोठ्याने इंग्रजीत घोषणा करतात. मध्यरात्रीच्या शांततेत ती घोषणा ऐकल्यावर कोणता प्राणी उत्तर देईल? काही यंत्रे थोडा वेळ शांत राहिली की आपोआप झोपी जातात आणि पुढच्या हाकेचा आरंभीचा सूर गिळून टाकतात. आवाज वाढविताच खर्ज आपोआप कमी करणारी यंत्रेही आहेत. यास्तव तारेने जोडता येईल, घोषणा बंद करता येईल आणि सुरांत स्वतःहून फेरफार करणार नाही असेच यंत्र पसंत करावे. त्यावरील चमकणारे दिवे काळ्या चिकटपट्टीने झाकावेत.

पाण्यापासून संरक्षणाची पातळी ‘आयपी’ या अक्षरांपुढील अंकांनी दर्शविली जाते. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ‘आयपीएक्स४’ म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव. ‘आयपीएक्स७’ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकाव. ‘एक्स’ याचा अर्थ धुळीची चाचणी नोंदलेली नाही असा होतो. कोयनेच्या पावसाला दुसरा अंक महत्त्वाचा, तर जत-आटपाडीच्या धुळीला पहिला. शिवसागराच्या पलीकडील दुर्गम भागात दिवसेंदिवस वीज मिळत नाही. तेथे बाहेरून बदलता येणारे सेल अथवा जादा विद्युत्-घट आवश्यक असतात. घट उतरत आला की काही यंत्रांचा आवाज नकळत मंदावतो, हेही ध्यानात ठेवावे. शेवटी, सड्यावर चढून जावयाचे असता दोन किलोचे ओझेदेखील जड वाटू लागते. गरजेपेक्षा मोठे यंत्र घरीच राहते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

शाळेच्या मैदानावरील परीक्षा

यंत्र रानात नेण्यापूर्वी त्याची परीक्षा कोणत्याही शांत मैदानावर घेता येते. विज्ञान शिक्षकांना हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारखा आहे.

ध्वनिक्षेपक जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीवर ठेवावा. त्याच्यापासून १ मीटर अंतरावर ध्वनितीव्रता-मापक धरावा आणि आवाजाची कळ न बदलता २००, ४००, ८००, १,६००, ३,२०० आणि ६,४०० हर्ट्झचे शुद्ध सूर एकामागून एक वाजवून आकडे लिहून घ्यावेत. अभ्यासावयाच्या प्राण्याच्या स्वरपट्ट्यात एखाद्या सुराचे माप इतरांपेक्षा १० डेसिबलहून अधिक घसरत असेल, तर ते यंत्र त्या प्राण्यासाठी बाजूस ठेवणे बरे. त्यानंतर प्रत्यक्ष हाक वाजवून ५० मीटरवरून ती पुन्हा मुद्रित करावी व मूळ मुद्रणाशी पडताळावी. ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीत दोन्हींचे ध्वनिचित्र शेजारी ठेवले, की कोणता भाग हरपला हे डोळ्यांना दिसते. भ्रमणध्वनीवरील डेसिबल मोजणारी प्रणाली तुलनेपुरती चालेल. अहवालातील आकड्यासाठी मात्र प्रमाणित मापकच हवा.

यंत्राइतकेच मुद्रणही निर्दोष असावे. फार दाबून लहान केलेल्या फितीपेक्षा ‘वेव्ह’ स्वरूपातील मूळ मुद्रण श्रेयस्कर. झेनो-कॅन्टो हा खुला ध्वनिसंग्रह आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची मॅकॉले लायब्ररी येथे अनेक भारतीय पक्ष्यांचे आवाज उपलब्ध आहेत. तथापि पक्ष्यांच्या गाण्यात प्रदेशपरत्वे भेद आढळतो. म्हणून शक्यतो त्याच प्रदेशातील मुद्रण घ्यावे. एकाच पक्ष्याचे एकच मुद्रण सर्वत्र वाजविल्यास आलेला प्रतिसाद त्या जातीला होता की त्या एका आवाजाला, हे ठरविता येत नाही. यास्तव अनेक पक्ष्यांची वेगवेगळी मुद्रणे आलटून पालटून वापरावीत.

शिस्त आणि कायदा

साधन कितीही उत्तम असले तरी ते वापरणाऱ्याच्या संयमाविना व्यर्थ आहे. हाकेला उत्तर देणारा पक्षी आपली अंडी वा पिले सोडून येतो, शक्ती खर्च करतो आणि शिकाऱ्यांच्या नजरेसही पडतो. एक्वादोरमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज हाक ऐकविलेल्या एका जातीच्या पक्ष्यांचा आरंभीचा जोरदार प्रतिसाद काही दिवसांत ओसरल्याचे आढळले. म्हणजे वारंवार साद घातल्याने पक्ष्याला त्रास होतो आणि पद्धतही बोथट होते.

पाहणीचा क्रम ठरलेला असावा. जागेवर पोहोचल्यावर प्रथम काही मिनिटे केवळ ऐकावे. अनेकदा प्राणी आपण होऊन बोलतो आणि यंत्राची गरजच उरत नाही. नंतर थोडा वेळ हाक, पुन्हा शांतता, असा क्रम ठेवावा आणि उत्तर मिळताच यंत्र बंद करावे. अनेक जातींच्या घुबडांची पाहणी असल्यास लहान जातीची हाक आधी, मोठीची नंतर वाजवावी. मोठे घुबड लहानास खाते आणि त्याच्या हाकेने लहान घुबडे गप्प होतात. तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून घुबडांसाठी दोन ठिकाणांत निदान अर्धा किलोमीटर अंतर ठेवावे. घरट्याजवळ तर यंत्र वाजवूच नये.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ अन्वये अभयारण्यात वन्य प्राण्यांना छळण्यास वा डिवचण्यास मनाई आहे. संशोधनासाठी प्रवेशाची परवानगी कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडून घ्यावी लागते. या तरतुदी राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहेत. पर्यटकांना पक्षी दाखविण्यासाठी भ्रमणध्वनीवरून आवाज वाजविणे हे संशोधन नव्हे. गावालगत रात्री काम करावयाचे असल्यास सरपंच आणि पोलीस पाटील यांना पूर्वसूचना द्यावी. अंधारात विजेरी घेऊन फिरणारी अनोळखी माणसे आणि अवेळी घुमणारा घुबडाचा आवाज यांमुळे गैरसमज पसरण्यास वेळ लागत नाही.

नोंदवहीतील एक रकाना

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करण्याची आणि लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करण्याची तरतूद आहे. गुराखी, मेंढपाळ, रानात वावरणारे वृद्ध यांच्या कानांत साठलेले ज्ञान या नोंदवह्यांत उतरले पाहिजे. कोणत्या ओढ्याकाठी कोणते घुबड घुमते, पहिल्या पावसानंतर कोणत्या सड्यावर बेडकांचा कोलाहल होतो, हे त्यांना यंत्राविना ठाऊक असते. संशोधकाने कोठे ऐकावयास जावे, हे तेच सांगू शकतात.

बाहेरून येणाऱ्या संशोधकाच्या नोंदी या वह्यांत समाविष्ट करताना मात्र काही गोष्टी आवर्जून मागून घ्याव्यात : कोणता ध्वनिक्षेपक वापरला, १ मीटरवर आवाज किती होता, कोणते मुद्रण वाजविले, दिवस, वेळ, वारा आणि पाऊस कसा होता, किती वेळ ऐकले. एवढी माहिती असेल तर दहा वर्षांनी दुसरा कोणी त्याच ठिकाणी तीच पाहणी पुन्हा करू शकेल आणि खरा बदल कोणता हे कळेल. तिच्या अभावी ‘आढळला नाही’ या दोन शब्दांना काहीच आधार राहत नाही.

धरणे, रस्ते, खाणी, पवनचक्क्या यांविषयीचे निर्णय अशा नोंदींच्या आधारे घेतले जातात. एखाद्या कपारीतील घुबड त्या नोंदीत आले की नाही, यावर त्या कपारीचे भवितव्य अवलंबून असू शकते. म्हणूनच या लहानशा यंत्राची निवड ही काळजीपूर्वक पार पाडावयाची जबाबदारी आहे.